पत्र्याच्या पेटीतली तिकिटं: काठ, दाते आणि काप तपासण्याची कृती

नरखेड तालुक्यातल्या जुन्या घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी सापडते. वर बागेच्या हिशेबाच्या चोपड्या, खाली सातबाऱ्याच्या नकला आणि तळाशी सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. आमच्या पेटीतही तो होता. आजोबांची संत्री नागपूरच्या बाजारात जात आणि दलालाची पत्रं परत येत: भाव काय लागला, किती फळ मऊ निघालं, उचल कधी पाठवतो. आता अशा गठ्ठ्यावरची तिकिटं घेऊन ओळखीची माणसं विचारायला येतात, ‘याचे किती येतील?’ मी चित्र नंतर बघतो, आधी तिकिटाचा काठ बघतो.

काठातला दोष दोन जातींचा असतो. एक छापखान्यातच लागलेला: छिद्रं सरकली, काप तिरपा गेला. दुसरा नंतर माणसाच्या हातून झालेला: कात्री चालली, दाते तुटले, कुणी ‘नीटनेटकं’ केलं. संत्र्यावर झाडावरच मंगू, म्हणजे सालीवरचे डाग, येतो, आणि गाडीत आदळून फळाला मार लागतो. दोन्ही फळं निवडताना बाजूला पडतात, पण एकाच ढिगात नाही. मंगूचं फळ सोलल्यावर आतून चांगलं निघतं, मार लागलेलं सडतं. तिकिटांचं तसंच आहे. खालची सगळी कृती हे दोन ढीग वेगळे करण्यासाठी आहे.

हात लावण्याआधी

पाकिटावरचं तिकीट काढू नका. ही सूचना मी पहिली देतो, कारण बहुतेक नुकसान तपासणीच्या आधीच होऊन गेलेलं असतं. पाकीट अख्खं असेल तर तिकीट, शिक्का, पत्ता आणि तारीख मिळून एक पुरावा असतो. नरखेड, जलालखेडा, सावरगाव, बेलोना यांचे जुने वाचता येणारे शिक्के असलेली पाकिटं तशीच जपायला हवीत. मोवाडची तर फारच. ३० जुलै १९९१ला वर्धा नदीच्या पुरानं मोवाड उद्ध्वस्त केलं. घरांबरोबर घरातले कागदही गेले. त्याआधीचा मोवाडचा शिक्का असलेलं पत्र दुसऱ्या कुठल्या गावच्या पेटीत निघालं, तर त्यावरच्या तिकिटाचा काठ कसा आहे हा प्रश्न दुय्यम आहे. ते पत्र कात्रीपासून लांब ठेवा.

दुसरी गोष्ट हवेची. मागे गोंद असलेली, न वापरलेली तिकिटं श्रावणात उघडू नका. ती एकमेकांना चिकटतात. आणि उन्हाळ्यात कूलरसमोर तर अजिबात नको. वाळ्यातून येणारा वारा आपल्याला बरा वाटतो, पण तो ओला असतो. गोंदाची बाजू ओल घेते, तिकीट सुरळी होतं, आणि सुरळी सरळ करताना दाते मोडतात. दिवाळीनंतर माघापर्यंतची कोरडी सकाळ या कामाला उत्तम.

सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणांची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी, बोथट टोकाचा चिमटा, काळा जाड कागद, मऊ पेन्सिल, वही. बस. घरात स्कॅनर असेल तर फार चांगलं. ६०० डीपीआयवर काढलेल्या प्रतिमेत एक मिलिमीटरला जवळजवळ २४ ठिपके येतात, त्यामुळे डोळ्याला न दिसणारा फरक मोजता येतो. मोबाइलचा फोटो मात्र मोजमापाला वापरू नका. फोन जरासा कलला तरी चौकोन तिरपा दिसतो आणि निर्दोष तिकिटावर आळ येतो.

पायरी १: तिकीट कुठलं, कधीचं

काठ कसा असायला हवा हे ठाऊक असल्याशिवाय तो चुकला हे कळत नाही. म्हणून आधी वंशावळ.

१८५४ साली कलकत्त्यात छापलेल्या पहिल्या अखिल भारतीय तिकिटांना दातेच नव्हते. अर्धा आणा, एक आणा, दोन आणे, चार आणे, सगळी कात्रीनं कापून वेगळी करायची. त्यामुळे त्यांची प्रत ठरते ती चारही बाजूंना कोरा समास किती उरला यावर. चार आण्याच्या तिकिटाचं चित्र अष्टकोनी चौकटीत आहे, आणि त्या काळी पुष्कळांनी ते चौकटीबरहुकूम अष्टकोनीच कापलं. दिसायला सुबक, पण संग्राहक त्याला चौकोनी, पूर्ण समास असलेल्या प्रतीच्या मानानं फारच थोडी किंमत देतात. इथे छापखान्याचा दोष शून्य. सगळा काप कात्री धरणाऱ्याचा.

त्यानंतर १८५५ पासून भारताची तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येऊ लागली, आणि दाते आले. १९२६ पासून हे काम नाशिक रोडच्या सरकारी छापखान्याकडे आलं, तोच आजचा इंडिया सिक्युरिटी प्रेस. आपल्या पेट्यांमध्ये जे सापडतं ते बहुतेक नाशिकचंच: १५ ऑगस्ट १९४९ची पुरातत्त्व मालिका, जिच्यात तीन पैवर अजिंठा आणि नऊ पैवर त्रिमूर्ती आहे, १ ऑक्टोबर १९५२ची संत-कवींची सहा तिकिटं, कबीरापासून टागोरांपर्यंत, आणि १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आल्यावरची भारताच्या नकाशाची मालिका. सराव करायचा तर नकाशावर करा. ती तिकिटं भरपूर निघाली, घरोघरी आहेत, आणि एखादं बिघडलं तरी फार हळहळ वाटत नाही.

एक इशारा. सुंदर वाटणारं प्रत्येक तिकीट नाशिकचं समजू नका. १९४८ची गांधीजींची चार तिकिटं स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली. नाशिकच्या तिकिटांशी त्यांचा काठ ताडून बघण्यात अर्थ नाही.

पायरी २: समास मोजा

तिकीट काळ्या कागदावर, चित्र वर करून ठेवा. काळ्यावर दाते आणि छिद्रं स्वच्छ दिसतात. आता चित्राच्या चौकटीपासून दात्यांच्या खोबणीपर्यंतची कोरी जागा मोजा. दात्याच्या टोकापर्यंत नाही. टोकं कमीजास्त तुटलेली असतात, खोबणी छापखान्यात पडलेली असते.

समजा डावीकडे १.५ मिलिमीटर आणि उजवीकडे १ मिलिमीटर आलं. बेरीज २.५. डावा भाग ६० टक्के, उजवा ४०. वहीत लिहा ‘६०/४०’. मग वर-खाली तसंच. दोहोंपैकी जो वाईट तो त्या तिकिटाचा आकडा. डोळ्यानं ‘बरं दिसतं’ असं लिहू नका. रंग गडद असला की डोळा फसतो.

या आकड्याचं पुढे काय होतं? अमेरिकेतल्या पीएसई या संस्थेत तिकिटाला १०० पर्यंत गुण देतात. ७० म्हणजे चांगलं, ८० म्हणजे फार चांगलं, ९० म्हणजे अत्युत्तम, ९८ म्हणजे जवळजवळ निर्दोष. तिची एकेकाळची भावंड संस्था पीएसए खेळाडूंच्या छापील कार्डांना १० पर्यंत गुण देते, आणि तिथे पुढच्या बाजूचा समास साधारण ५५/४५ च्या आत असल्याशिवाय १० मिळत नाहीत. ६०/४० असेल तर ९ पर्यंत जाता येतं. आपल्याकडच्या बाजारात असे गुण क्वचितच कुणी विचारतो. पण ‘समास सारखे आहेत का’ हा प्रश्न नागपूरच्या प्रदर्शनातला साधा विक्रेताही विचारतो, आणि तुमच्याजवळ आकडा असेल तर बोलणं लवकर संपतं.

समास का सरकतो हे कळलं की तपासणी सोपी होते. तिकिटं मोठ्या तावावर छापतात. छपाई आणि गोंद यांत कागद ओला होतो, सुकताना आकसतो, आणि तावाच्या सगळ्या भागांत सारखा आकसत नाही. मग अनेक ताव एकावर एक ठेवून छिद्रं पाडणाऱ्या यंत्राखाली सरकवतात. यंत्राच्या सुयांमधलं अंतर मात्र लोखंडाचं, ते आकसत नाही. त्यामुळे पहिल्या ओळीत बरोबर बसलेली छिद्रं शेवटच्या ओळीपर्यंत केसाकेसानं सरकत जातात, आणि गठ्ठ्यातले खालचे ताव जरासे हलले तर आणखी. म्हणजे एकाच तावातलं कोपऱ्यातलं तिकीट आणि मधलं तिकीट यांची प्रत वेगळी निघू शकते, कुणीही हलगर्जीपणा न करता.

पायरी ३: दाते मोजा

पट्टीवर २ सेंटिमीटर धरा आणि तेवढ्यात किती छिद्रं येतात ते मोजा. चौदा आली तर त्या बाजूचं माप १४. आडवी बाजू आधी, उभी नंतर लिहायची पद्धत आहे. १९५२च्या संत-कवी मालिकेचं माप १४ आहे, म्हणून ती तिकिटं मोजून हात बसवा.

समोरासमोरच्या बाजूंचं माप जुळायला हवं. वर १४ आणि खाली साडेबारा निघाली तर थांबा. असं तिकीट ढिगातून काढून वेगळ्या कागदावर ठेवा. तिथे बहुधा कुणीतरी नवे दाते पाडले आहेत.

आता कोपरे. छिद्रं पाडणारी यंत्रं मुख्यतः दोन तऱ्हांची. एका तऱ्हेत सुया फणीसारख्या बसवलेल्या असतात. एका ठोक्यात एका ओळीच्या तीन बाजू पडतात, त्यामुळे कोपऱ्यात एकच स्वच्छ छिद्र येतं आणि चारही कोपरे सारखे दिसतात. दुसरीत एका वेळी एकच सरळ रेघ पडते. आडव्या आणि उभ्या रेघा एकमेकींना कुठेही छेदतात, म्हणून कोपरे ओबडधोबड, एकात दोन छिद्रं अडकलेली. दुसऱ्या तऱ्हेचा ओबडधोबड कोपरा हा दोष नाही, जन्मखूण आहे. तो दोष समजून लोक चांगली तिकिटं कमी भावात देऊन टाकतात याचं मला वाईट वाटतं.

पायरी ४: तो काठ छापखान्याचा की कात्रीचा

या पायरीला घाई नको. बाकी सगळं मिळून जितका वेळ लागला तितका इथे द्या.

भिंगाखाली दात्याचं टोक पाहा. तिकीट तावातून फाडून वेगळं केलं असेल तर टोकावर कागदाचे बारीक तंतू लोंबतात, कापसाच्या बोंडासारखे. टोक सपाट, चाकूनं कापल्यासारखं असेल तर कात्री फिरली आहे. ती फसवणूक असेलच असं नाही. पोस्टातला कारकून घाईत ताव कात्रीनं कापून देई, किंवा माझ्यासारखा शाळकरी मुलगा पाकिटावरून तिकीट उतरवताना दाते ‘सारखे’ करून ठेवी. प्रत उतरते, पण तिकीट अस्सलच राहतं.

मग रुंदी. त्याच मालिकेतली, त्याच किमतीची दोन-तीन तिकिटं शेजारी ठेवा. एक अर्ध्या मिलिमीटरनं अरुंद असेल आणि त्याचे समास मात्र चारही बाजूंना बेतलेले असतील, तर संशय धरा. समास सारखे दिसावेत म्हणून जास्तीची बाजू कुणी छाटली आणि तिथे नवे दाते पाडले असण्याची शक्यता आहे. नव्या दात्यांची छिद्रं कधी जरा मोठी, कधी जरा लहान असतात, रेघ पूर्ण सरळ नसते, आणि छिद्राच्या आतल्या कडेचा कागद बाकीच्या पिवळसर काठापेक्षा पांढरा दिसतो. जुना कागद सगळीकडून एकाच रंगानं म्हातारा होतो. एकच बाजू तरुण असेल तर कारण शोधायला हवं.

उलट प्रकारही आहे. दाते नसलेलं तिकीट दुर्मीळ, म्हणून रुंद समासाच्या साध्या तिकिटाचे दाते छाटून ‘बिनदात्याचं’ करून विकतात. इथे एकच नियम पाळा: छिद्रं पाडायची राहून गेली असं सांगणारं सुटं तिकीट पुरावा मानू नका. दोन तिकिटं जोडून हवीत आणि त्यांच्या मधे छिद्रांची रेघ नसावी. त्या मधल्या जागेत कात्री चालवता येत नाही, म्हणून जोडी खोटं बोलत नाही.

छाटण्यानं काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तिकिटाचं नाही, कार्डाचं आहे. होनस वॅगनर या अमेरिकी बेसबॉलपटूचं सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड, १९०९ ते १९११च्या मालिकेतलं. १९९१ साली पीएसएनं तपासून गुण दिलेलं ते पहिलं कार्ड. त्याला १० पैकी ८ मिळाले. २००७ साली ते २८ लाख डॉलरला विकलं गेलं. आणि २०१३ साली ते कार्ड पूर्वी विकणाऱ्या व्यापाऱ्यानं न्यायालयात कबूल केलं की काठ धारदार दिसावेत म्हणून त्यानं ते छाटलं होतं. पीएसएचा नियमच असा, की छापखान्यात वाकडं कापलं गेलेलं कार्ड कमी गुणांनी, ‘काप चुकलेला’ अशी खूण लावून स्वीकारतात. पण छाटल्याचं दिसलं तर गुणच देत नाहीत. वाकडं कार्ड कमी गुणांचं, पण प्रामाणिक. मला हा नियम योग्य वाटतो.

पायरी ५: पोस्टकार्ड असेल तर

भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ला आलं, पाव आण्याचं. त्यावर तिकीट छापलेलंच असतं, दाते नसतात. सगळा प्रश्न कापाचा. कार्डांचा गठ्ठा पात्याखाली एकदम कापला जातो. पातं खाली उतरताना गठ्ठ्याला किंचित ढकलतं, आणि वरचं कार्ड व तळाचं कार्ड यांत फरक पडतो.

कार्डाचे दोन्ही कर्ण मोजा: वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत, आणि मग उलट. दोन्ही सारखे तर कोपरे काटकोनात. एक कर्ण दीड-दोन मिलिमीटरनं जास्त निघाला तर काप तिरपा आहे. अमेरिकेतले कार्डवाले अशा कापाला ‘डायमंड कट’ म्हणतात. मग छापील तिकिटाची चौकट कार्डाच्या काठाला समांतर आहे का ते बघा. कार्ड चौकोनी पण चौकट तिरपी असेल, तर काप नव्हे, छपाईच्या वेळी ताव हलला होता. शेवटी लांबी-रुंदी त्याच काळच्या दुसऱ्या कार्डाशी ताडा. लहान निघालं आणि एक काठ बाकीच्यांपेक्षा स्वच्छ असेल, तर कुरतडलेला किंवा मळका काठ कुणी कापून टाकला आहे.

पायरी ६: मोठी चूक वेगळी ठेवा

थोडी सरकलेली छिद्रं किंमत कमी करतात. खूप सरकलेली वाढवतात. चित्राच्या मधून छिद्रांची रेघ गेली, खालचा किमतीचा आकडा शेजारच्या तिकिटाच्या डोक्यावर आला, तर त्याला संग्राहक वाईट प्रत न म्हणता ‘चुकीचं तिकीट’ म्हणून शोधतात. असं तिकीट दिसलं तर शेजारच्या तिकिटांसकट, तावाच्या कोऱ्या पट्टीसकट, जसं आहे तसं ठेवा. सुटं केलं की निम्मी गोष्ट गेली.

चित्रातली चूक आणि कापातली चूक यांची मात्र गल्लत नको. १९४९च्या एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती आरशातल्यासारखी उलटी छापली गेली होती आणि १९५० साली ती सुधारून पुन्हा काढली. तुमच्याकडे त्यातलं कुठलंही असो, त्याचा काठ स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

आणि कापाचा सगळा हिशेब दुर्मीळपणापुढे मागे पडतो हेही ध्यानात असू द्या. १८५६चं ब्रिटिश गयानाचं एक सेंटचं किरमिजी तिकीट चारही कोपरे छाटलेलं, अष्टकोनी आहे. तसं ते जगात एकच माहीत आहे. २०१४ साली ते सुमारे ९५ लाख डॉलरला गेलं. आपल्या पेटीतल्या नकाशाच्या तिकिटाची लाखो भावंडं आहेत. तिथे काठ बघावाच लागतो.

पायरी ७: नोंद

प्रत्येक तिकीट स्वतंत्र पारदर्शक पाकिटात, आणि वहीत त्याची एक ओळ. दोष आधी लिहा, कारण घेणारा तोच शोधणार आहे. काहीही दुरुस्त करू नका: तुटलेला दाता जोडू नका, तिरपा काठ सरळ करू नका, डाग खोडरबरानं घासू नका. ज्या तिकिटावर संशय आहे त्यावर ‘संशय’ असंच लिहा. विकताना तो शब्द झाकू नका. प्रमाणपत्रासाठी बाहेर पाठवण्याचा खर्च फक्त मोठ्या चुकीच्या किंवा खरोखर जुन्या तिकिटावर करा. नकाशाच्या तिकिटांवर तो कधीच निघत नाही.

माझ्या वहीतली एक नोंद नमुन्यादाखल देतो:

‘बोधिसत्त्व, १ आणा, १९४९. वापरलेलं, शिक्का अर्धा, गाव वाचता येत नाही. आडवा समास ५५/४५, उभा ६५/३५; छिद्रं खाली सरकलेली, छापखान्यातच. माप १४, कोपरे स्वच्छ. उजव्या बाजूचे दाते सपाट, कात्रीनं. आजोबांच्या पत्रावरून मी काढलं, चौथीत असताना. पत्र आता नाही.’